शिळेवरची उजवी सोंड

मी शिळा बोलतेय. छापखान्यातली, चित्रं छापायची शिळा. दगडाला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. जिची पाठ दर पंधरा दिवसांनी वाळूनं घासली जाते, तिला विचारा. आता मी इतकी पातळ झालेय की यंत्राचा दांडा फिरला की माझ्या काळजात चर्र होतं. एक दाब जास्त बसला तर दोन तुकडे. म्हणून सांगायचं ते आजच सांगून घेते.

मी जन्मले परमुलखातल्या खाणीत. भुसा भरलेल्या पेटीतून, जहाजाच्या पोटात कोंडून मला मुंबईला आणलं. चौघांनी उचलून ठाकूरद्वारच्या एका वाडीत उतरवलं. तेव्हा माझी जाडी चांगली चार बोटं होती. छापखान्याचे मालक अप्पा यांनी मला टिचकी मारली आणि म्हणाले, "खणखणीत आहे." माझी स्तुती झाली ती तेवढीच.

माझ्यावर चित्र काढायचे हेरंबराव. मोठे नावाजलेले चित्रकार. तेलकट काळा खडू घेऊन बसले की तासाभरात देव उभा. शिळेवरचं चित्र उलटं असतं बरं का. कागद दाबला की ते सुलटं उमटतं. म्हणून कागदावर डाव्या सोंडेचा गणपती हवा, तर माझ्यावर उजव्या सोंडेचा काढावा लागे. हेरंबरावांना त्याचा विचारही करावा लागत नसे.

छपाई संपली की मी लवूच्या हाती जाई. लवू कोकणातला, राहायला भोईवाड्याच्या चाळीत. ओली वाळू टाकून, दुसरा लहान दगड फिरवत तो मला घाशी. जुनं चित्र गेलं, मी पुन्हा कोरी. हेरंबराव जाता जाता त्याला म्हणत, "लवू, हात देवानं द्यावा लागतो. घासून दगड गुळगुळीत होतो, माणूस नाही."

"होय हेरंबराव," लवू म्हणे आणि घासत राही.

पण दुपारी सगळे भाकरी खायला उठले की हा बाबा माझ्यापाशीच. खडूचा पडलेला तुकडा उचलायचा, हेरंबरावांच्या रेघेवरून हात न्यायचा, मग बाजूच्या कोऱ्या जागेत तीच रेघ पुन्हा काढायची. नंतर वाळू, पाणी, आणि दोघांचीही चित्रं एकाच लगद्यातून मोरीत. पहिलं वर्षभर त्यानं नुसते हातच काढले. बोटं भेंड्यांसारखी व्हायची. चौथ्या वर्षी एका दुपारी बोटं बोटांसारखी दिसली, तेव्हा तो स्वतःच दचकला आणि घाईघाईनं मला घासून मोकळा झाला.

माझा जीव मात्र टांगणीला. तेलकट खडू अंगात मुरतो. एखादी रेघ घासायची राहिली असती तर पुढच्या लक्ष्मीला सहावं बोट फुटलं असतं आणि लवूची गच्छंती झाली असती. या सगळ्याला साक्षी मी एकटी, आणि मला तोंड नाही.

मग अठराशे शहाण्णव सालचा भाद्रपद आला. लवूनं चतुर्थीला आपल्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं गणपती काढला. घरचं मी पाहिलेलं नाही, पण घासता घासता तो मला सगळं सांगतो, म्हणून ठाऊक. सहा वर्षांत कुणाला दाखवलेलं हे त्याचं पहिलं चित्र. शेजारीण बघायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. "उजव्या सोंडेचो? बाये, ह्याचा सोवळा कोण पाळतलो?"

उजव्या सोंडेचा देव कडक, चुकलंमाकलं की कोपतो, हे कुणाला सांगायला नको. लवू बावरला. शिळेवर सगळं उलटं असतं हे त्याच्या डोळ्यांना माहीत होतं, हाताला कुठे माहीत होतं? हात जसा शिकला तसं काढून बसला. त्याची बायको सुभद्रा हिनं तेव्हाच भिंत सारवली.

पण दिवाळी सरली आणि मांडवीकडे सुरू झालेला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सरकत सरकत भोईवाड्यात शिरला. चाळीत उंदीर मरून पडले. पहिला गेला तो लवूच्या भिंतीपलीकडचा शेजारी. उजव्या सोंडेचा कोपला, असं लोक बोलू लागले. सुभद्राला सातवा महिना लागला होता, बोटीनं गावी जाणंही जमण्यासारखं नव्हतं. तिनं लवूचा हात आपल्या पोटावर ठेवला. "ह्याची शप्पत घेवा. परत चित्र काढूचा नाय."

त्यानं शपथ घेतली. पुढे दीड महिना त्यानं खडूला शिवलं नाही. रोज संध्याकाळी घरी गेला की आत घेण्याआधी सुभद्रा उलट्या हातानं त्याची मान चाचपून बघे, ताप आहे का म्हणून. "तिच्या डोळ्यांकडे बघवत नाय गे," असं तो मला म्हणायचा. मलाही ऐकवत नसे.

माघी चतुर्थीला आठ दिवस उरले. अप्पांकडे गणपतीच्या चित्राची मागणी होती. घाबरलेल्या माणसांना देव हवाच असतो. हेरंबराव माझ्यासमोर बसले. त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडाच्या दारावर आदल्या दिवशी लाल गोल ओढला गेला होता, म्हणजे तिथलं माणूस गेलं होतं. त्यांनी खडू टेकवला आणि रेघ थरथरली. लवूनं मला घासलं. पुन्हा रेघ, पुन्हा थरथर. तीन दिवसांत पाच वेळा घासलं मला. हेरंबराव आपल्या हाताकडे असे बघत होते की तो हात दुसऱ्याचाच असावा.

अप्पा म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत शिळा तयार नसेल तर मी कुलूप घालतो आणि पनवेल गाठतो. तुम्ही तुमचं बघा."

लवूनं काय बघायचं? काम गेलं की खोली गेली, आणि दिवस भरत आलेली बायको घेऊन या मरीत तो कुठे उभा राहणार? पण काढावं तर शपथ मोडते, तीही पोटातल्या बाळाची. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे उठले. तो माझ्यावर हात टेकून कितीतरी वेळ बसून होता. शेवटी पुटपुटला, "देवा, कोपलस तर माझ्यावर कोप. तिका सोड." आणि खडू उचलला.

तो घाबरला होता, पण त्याचा हात नाही घाबरला. सोंड उजवीकडे वळली, एका दमात. भिंतीवर सारवलेली तीच सोंड. हात, बोटं, सोवळ्याची चुणी, सगळं जसंच्या तसं उतरलं. डोळे मात्र मी कधी न पाहिलेले. हेरंबरावांचे देव प्रसन्न बघायचे. हा दारात उभं राहून वाट बघणाऱ्या माणसासारखा बघत होता.

मागे हेरंबराव कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

"हे कुठं शिकलास?"

लवूनं नुसता तळवा माझ्यावर ठेवला.

"आणि डोळे?"

"ते शिकलंय नाय," लवू म्हणाला. "ते घरचे."

हेरंबराव तसेच वळले. अप्पांना म्हणाले, "शिळा तयार आहे. लवूनं काढली."

पहिला कागद निघाला. सोंड डावीकडे. लवू तो घडी न करता घरी घेऊन गेला, आणि रात्रभर मी दगड असून थरथरत होते. सुभद्रा काय म्हणेल? सकाळी तो आला आणि माझ्यापाशी बसला. "लय वेळ बघल्यान गे. मगे म्हणाली, तोच हा, आता आमच्याकडे वळलो. भिंतीक लावल्यान." बाळ अजून व्हायचं आहे. मरी अजून शहरात आहे. रोज सकाळी त्याची पावलं ऐकू येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.

काल छपाई संपली. लवूनं वाळू घेतली, पाणी घेतलं. हेरंबरावांनी त्याचा हात धरला. "थांब जरा." ते खाली बसले, खडूचा तुकडा घेतला आणि लवूनं काढलेल्या डोळ्यावरून हळूहळू आपली रेघ नेऊ लागले. रेघ थरथरली. त्यांनी बाजूच्या कोऱ्या जागेत ती पुन्हा काढली. मग पुन्हा. लवू वाळू मुठीत धरून उभा होता.

हात येतो तो देवाची देणगी की घासणं, ते मला विचारू नका. माझ्या अंगावर दोन्ही येऊन गेली आणि दोन्ही मोरीत गेली. आता उद्या मला घासतील, आणि बहुधा पुढच्या दाबाला मी टिकणार नाही. एकच मागणं आहे. तो गणपती तुमच्या घरी असेल, तर कधीतरी तो कागद पाठीमागून दिव्यासमोर धरा. सोंड उजवीकडे वळलेली दिसेल. घाबरू नका. लवूनं तो माझ्यावर तसाच काढला होता.