सुई खाली येतेय

जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधून दादाने घरीच पंप बनवला होता. उलट्या होडीवर रेझिन या चिकट, वाळून कडक होणाऱ्या रसायनाने भिजलेलं कापड, त्यावर प्लास्टिक, आणि कापड होडीला घट्ट बसावं म्हणून पंप आतली हवा खेचत होता. पण मीटरची सुई खाली येत होती. कुठूनतरी हवा शिरत होती आणि वीस मिनिटांत रेझिनचा दगड होणार होता.

"कडा तूच चिकटवल्यास ना! एक काम धड करशील तर शपथ!" होडीवर ओणवी होऊन मी कडा दाबत ओरडत होते.

"बाई, तोंड आवर. फुसफुस ऐकू येऊ दे."

मी दातओठ खात गप्प झाले. फुसफुस माझ्याच पोटाखालून येत होती. एप्रनच्या खिशातली कात्री प्लास्टिकात घुसली होती.

दादाने चिकटपट्टीचे दोन तुकडे तोडले. एक भोकावर लावला, दुसरा माझ्या तोंडासमोर धरला.