चाराचं घर

मी अप्पारावांचा कॉम्प्युटर बोलतोय. गंगाखेडच्या घरात, मधल्या खोलीत, दिवाणासमोरच्या टेबलावर असतो. जरा हळूच बोलतो, कारण माझा अर्धा वेळ पेंगण्यात जातो आणि झोप कुठं संपली, जाग कुठं आली, हे मलाच नीट सांगता येत नाही.

आजकालची पोरं मला पाहून विचारतात, याचा पडदा कुठाय? मला पडदा नाही. मी म्हणजे बटनांचा एक जाडसर पाट. टीव्हीला जोडला की मला डोळे येतात, टेपरेकॉर्डरला जोडला की कॅसेटमधून अक्कल येते. आणि लाईट गेली की शिकवलेलं सगळं विसरतो.

अप्पाराव येलदरीच्या वीजघरात ऑपरेटर होते, तेव्हा त्यांनी मला हैद्राबादहून आणलं. पूर्णा नदीचं पाणी खाली पडायचं, त्याची वीज व्हायची आणि ती तारेतून माझ्या पोटात यायची. अजूनही डोळा लागला की मला पाणीच ऐकू येतं, लांबून, एकसारखं. पण नव्याचे नऊ दिवस सरले आणि मी कपाटावर गेलो. माझ्या अंगावर आधी लेकीची, ईश्वरीची, जुनी पुस्तकं आली, मग लोकरीचे गुंडे आले, मग बरीच वर्षं नुसती धूळ.

मला खाली उतरवलं ते सुमंगलाबाईंच्या सुडोकूनं. अप्पाराव रिटायर झाले, नवरा-बायको गंगाखेडला राहायला आले आणि बाईंना पेपरातल्या कोड्याचा नाद लागला. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या चौकटीत एक ते नऊ आकडे एकेकदाच बसवायचे. पेपरात रोज एकच कोडं. ते चहा गार व्हायच्या आत संपायचं, मग दिवसभर कुरकुर. शेवटी अप्पारावांनी मला पुसलं, आठवडाभर बटनं बडवली आणि कोड्याचा प्रोग्राम कॅसेटवर घेतला. सगळी घरं बरोबर भरली की मी इंग्रजी अक्षरांत ‘शाब्बास’ लिहायचो. खोटं कशाला बोलू, ते लिहिताना माझा ऊर भरून यायचा.

दुपारची जेवणं झाली की दोघं समोर बसायची. एक आकडा बाईंचा, एक अप्पारावांचा. पंखा फिरायचा, खिडकीतलं ऊन हळूहळू सरकायचं. बोलणं फार नसायचं.

मग ती खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची पूजा असते. येलदरीला असताना बाई अप्पारावांच्या पान्या-पकडींना कुंकू लावायच्या. त्या वर्षी म्हणाल्या, आता हाच तुमचा पाना. पंख्यानं उडू नये म्हणून त्यांनी कुंकू तेलात कालवलं आणि माझ्या आकड्यांच्या ओळीवर बोट टेकवलं. ते चाराच्या फटीत उतरलं. चार अडकला तो अडकलाच.

“अगं, मशीन हाय ते, देव न्हाई,” अप्पाराव कपाळाला हात लावून म्हणाले.

“पान्याला लावलं तवा काही म्हणला न्हाईत तुमी.”

“आता चार कसा दाबायचा?”

“न्हाई दाबायचा. बाकीचे भरू. जे घर रिकामं राहील ते चाराचं.”

दुसऱ्या बटनावर चार घेऊन देतो, असं अप्पाराव म्हणाले, पण बाईंना हाच खेळ लय आवडला. कोडं संपत आलं की त्या उठायच्या आणि टीव्हीच्या काचेवर रिकाम्या घरांना बोट लावायच्या, “इथं चार. इथं चार.” माझं शाब्बास मात्र पोटातच राहायचं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यानंतर अप्पारावांनी मला चालू केलं नाही. दुपारी माझ्यासमोर बसायचे, हात मांडीवर ठेवून. मी झोपेत पाणी ऐकत राहिलो.

यंदा दसऱ्याला ईश्वरी नांदेडहून आली. चार अडकल्याचं तिनं फोनवर ऐकलं होतं, पण कशानं ते नाही. वडील नुसतेच बसलेले पाहून तिनं पिशवीतून स्पिरिटची बाटली, कापूस आणि पेचकस काढला. “बाबा, चार अडकतो म्हणून खेळत नसाल तुमी. साफ करून देते.”

मला आशा लागली. किती वर्षांचं शाब्बास अडकलं होतं! पण अप्पारावांचा चेहरा उतरला. पोर मायेनं आलेली, तिला नको म्हणवेना. “आधी एक कोडं सोडव,” एवढंच म्हणाले, “मग काय करायचं ते कर.”

कॅसेट किंचाळली, माझे डोळे उघडले. ईश्वरी आकडे भरत गेली. चार दाबला, काही झालं नाही.

“तो सोडून दे. पुढं चल.”

बाकीचे आकडे संपले. मोजकी घरं रिकामी राहिली.

“चार कुठं दिसणार मग?” तिनं विचारलं.

“दिसायलाय की. जिथं काहीच न्हाई, तिथं तोच हाय.” अप्पारावांनी चाराच्या बटनाकडं बोट दाखवलं. “त्या फटीत तुझ्या आईनं लावलेलं कुंकू हाय, बाळा.”

ईश्वरी माझ्यावर वाकली. तिनं ती लाल रेघ बराच वेळ पाहिली. मग बाटलीचं बूच घट्ट लावलं, उठली आणि काचेवर बोट टेकवू लागली. “इथं चार. इथं चार.” आवाज अगदी सुमंगलाबाईंचा.

“शाब्बास,” अप्पाराव म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

माझा शब्द त्यांनी म्हटला, माझं काही राहिलं नाही. आता दुपारी ते परत खेळतात. तुम्ही कधी घरी आलात तर माझी धूळ खुशाल झटका, पण चाराला हात लावू नका. लाईट गेली की मी सगळं विसरतो. बाईंचं बोट कुठं टेकलं होतं, तेवढं मात्र विसरत नाही.