वाचकांसाठी आनंदाची बातमी

हिलरीने हातातल्या पिशव्या ओट्यावर टेकवल्या, किटलीचं बटण दाबलं आणि तिथूनच आवाज दिला.

"बाबा, तुझ्यासाठी एक आनंदाची बातमी आहे."

बाहेरच्या खोलीत सेड्रिक ऑलर्टनचं बोट पानावरच थांबलं. त्याच्या मांडीवर ‘स्क्विब’ या मुलांच्या साप्ताहिकाचा पिवळा पडलेला अंक होता. समोर वही घेऊन इमोजेन पास्क बसली होती. इमोजेन ब्रिटिश कॉमिक्सच्या बातम्या आणि परीक्षणं लिहायची आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकायची. पाच-सहाशे लोक ते वाचत आणि ते सगळे एकमेकांना ओळखत. ज्याच्या पुस्तकाचे वाभाडे काढावेत, तोच पुढच्या मेळाव्यात शेजारच्या टेबलापाशी बसलेला सापडायचा. त्यामुळे या मंडळींची परीक्षणं अंमळ गोडच असत.

"आनंदाची बातमी," सेड्रिक तिच्याकडे झुकून हळूच म्हणाला. "म्हणजे माझा अंक बंद होतोय."

इमोजेनला हसू आवरलं नाही. या धंद्यातला हा सगळ्यात जुना विनोद होता, आणि तो ज्यांच्यामुळे जन्मला त्यांतलाच एक गृहस्थ समोर बसला होता. त्या काळी एखादं साप्ताहिक खपेनासं झालं तरी ‘बंद करतोय’ असं कधी छापत नसत. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत यायचं, ‘मित्रांनो, आत आनंदाची बातमी!’ आत कळायचं की पुढच्या आठवड्यापासून तुमचं लाडकं साप्ताहिक दुसऱ्या एका साप्ताहिकात सामील होतंय. सेड्रिकने संपादक म्हणून चार साप्ताहिकं अशी पोचवली होती. ‘स्क्विब’ त्यांतलं शेवटचं. एक छोटा प्रकाशक आता त्यातल्या निवडक गोष्टींचं पुस्तक काढत होता, आणि त्याची बातमी करायला इमोजेन लीड्सहून समुद्रकाठच्या क्लीथॉर्प्सला त्याच्या घरी आली होती.

"सामील झाल्यावर नावाचं काय व्हायचं?" तिने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, पण त्याच्या तोंडून हवं होतं.

"पहिले काही आठवडे दोन्ही नावं सारख्या अक्षरांत. ‘रम्पस आणि स्क्विब’. मग ‘स्क्विब’ जरा लहान. मग अजून लहान. मग एखाद्या शनिवारी ते नसतंच. पोरांच्या लक्षातही येत नाही."

हिलरी चहाचा ट्रे घेऊन आली. साठीच्या उंबरठ्यावरची, रुंद खांद्यांची बाई. दर शनिवारी नवऱ्याला, नीलला, घरी ठेवून स्टॉकपोर्टहून गाडी हाकत यायची, आठवड्याचं सामान भरायची, गोळ्यांची डबी लावायची आणि संध्याकाळी परत जायची. जानेवारीत सेड्रिक न्हाणीघरात पडला आणि शेजारीण येईपर्यंत तिथेच पडून राहिला, तेव्हापासून तिची एकही खेप चुकली नव्हती.

"आमची खालची खोली रिकामी केली," ती चहा ओतत म्हणाली. "नीलने रंगही दिला. संडास शेजारीच आहे, जिना चढायला नको. खिडकीतून बाग दिसते. महिनाअखेर तू आमच्याकडे राहायला येतोयस."

हे सगळं ती परक्या बाईसमोर बोलली, ते उगाच नाही. पाहुण्यासमोर बाबा आवाज चढवत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

सेड्रिकने आवाज चढवला नाही. त्याने बिस्किट चहात बुडवलं, वेळेत बाहेर काढलं आणि खाल्लं.

"दारावर नाव लावणार का माझं?"

"लावू ना."

"केवढ्या अक्षरांत?"

"बाबा, ते सुरू करू नकोस."

"विचारलं फक्त. मला अनुभव आहे."

इमोजेनला अवघडल्यासारखं झालं. बापलेकीच्या मधे आपली खुर्ची नको तिथे पडली आहे असं वाटून तिने घाईघाईने पुढचा प्रश्न काढला.

"मुलांचा विश्वास बसायचा का हो त्या आनंदाच्या बातमीवर?"

"छे. पोरं काय दूधखुळी असतात? त्यांना वास यायचा."

"मला नव्हता आला," हिलरी म्हणाली.

ती ट्रे उचलून आत निघाली होती. तो हातात तसाच धरून ती दारात थांबली.

"मी नऊ वर्षांची होते. ‘स्क्विब’मध्ये दीपगृहातल्या लिझीची गोष्ट यायची. शेवटच्या अंकात ती कड्यावरून दोराला लोंबकळत होती आणि वर तिचा काका दोर कापत होता. खाली लिहिलं होतं, तुमचे सगळे आवडते दोस्त पुढच्या आठवड्यात ‘रम्पस’मध्ये भेटतील. मी शाळाभर सांगत सुटले. माझ्या बाबांनी केलंय म्हटलं, आता दुप्पट पानं." ती इमोजेनकडे बघून बोलत होती, बापाकडे नाही. "पुढच्या आठवड्यात लिझी नव्हती. मला वाटलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात येईल. ख्रिसमसपर्यंत वाट बघितली मी."

"‘रम्पस’वाल्यांनी दोनच गोष्टींना जागा दिली होती," सेड्रिक म्हणाला. "लिझी कुणी वाचत नव्हतं गं."

"मी वाचत होते. आणि तू रोज रात्री जेवायला माझ्यासमोर बसत होतास."

"तुला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू द्यायचं होतं."

सेड्रिकने अंक मिटून बाजूला ठेवला. तो खिडकीबाहेर बघत बसला. भरती ओसरून समुद्र दूर गेला होता आणि मैलभर नुसता करडा चिखल चमकत होता. क्लीथॉर्प्सला येणारे पाहुणे समुद्र कुठाय म्हणून विचारतात. सेड्रिकला मात्र समुद्राहून हा चिखलच जास्त आवडायचा. बायको गेल्यावर तो इथे राहायला आला तो या चिखलासाठीच. सकाळी काठी टेकत धक्क्यापर्यंत जायचं, पाणपक्षी बघायचे, येताना ओळखीच्या दुकानातून हॅडॉक मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी घ्यायच्या. इतकंच काय ते उरलं होतं त्याच्याजवळ, पण त्याचं त्याचं होतं.

मग तो खिडकीकडून वळला.

"इमोजेन, तुझ्या पानावर माणसांच्याही बातम्या असतात ना? कोण कुठे गेलं, कोण वारलं?"

"असतात."

"मग घे लिहून. मी सांगतो तसंच." त्याने चष्मा काढला आणि संपादकाच्या आवाजात, एकेक शब्द तोलत सांगायला लागला. "‘स्क्विब’चे जुने संपादक सेड्रिक ऑलर्टन यांना मुलगी आपल्या घरी नेऊ पाहते आहे. त्यांना जायचं नाही. इथला चिखल त्यांना आवडतो आणि स्टॉकपोर्टला चिखल नाही. तिथे आपण हळूहळू लहान होत जाऊ आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, याची त्यांना भीती वाटते. पूर्णविराम."

इमोजेनने लिहिलं. मान वर करायचं धाडस मात्र तिला झालं नाही. हिलरी आता पिशव्या उचलून निघून जाणार अशी तिची खात्रीच होती.

हिलरीने ट्रे खाली ठेवला आणि ती कोचाच्या हातावर टेकली.

"माझीही लिही," ती म्हणाली. "आनंदाची बातमी वगैरे काही नाही. ती खोली नीलला सायकलींसाठी हवी होती. तीन आठवडे आम्ही धड बोलत नव्हतो. रंग मीच दिलाय, एकटीने, आणि तोही वाईट लागलाय. मला ही गाडी हाकणं होत नाही आता. मागच्या शनिवारी परत जाताना मोटरवेवर डोळा लागला माझा. क्षणभरच. पलीकडच्या ट्रकने भोंगा वाजवला म्हणून वाचले. आणि रात्री फोन वाजला की मला वाटतं, तू पुन्हा पडलास. रोज वाटतं. झालं, एवढंच."

इमोजेनचं पेन मधेच कुठेतरी थांबलं होतं.

"डोळा लागला?" सेड्रिक म्हणाला.

"हो."

"आणि हे तू मला आज सांगतेयस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

सेड्रिकने तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या नखांच्या कडेला पांढरा रंग अजून होता. त्याने हात पुढे करून तिचा हात धरला, अंगठ्याने तो रंग खरवडून बघितला आणि सोडला नाही.

"इमोजेन," तो म्हणाला, "माझ्या बातमीत खाली एक ओळ वाढव. पुढच्या महिन्यापासून पत्ता स्टॉकपोर्टचा."

"वाढवते. आणि मथळा काय देऊ?"

"साधा दे. आनंदाचं वगैरे काही लिहू नकोस." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हिलरीचा विश्वास बसला पाहिजे."