रुबेलाचा साचा

"कपाळ तापलंय गं तुझं. अंगात कसर आहे का?"

सव्वीस वर्षं झाली, ताईचा तो आवाज माझ्या कानात अजून ओला आहे. ती दारात उभी होती. हाताला साबणाचा फेस, म्हणून मनगटाची पालथी बाजू तिने माझ्या कपाळाला लावली. दुसरा महिना होता तिला. मी एकोणीस वर्षांची, मूर्तिकलेच्या शाळेतून न कळवता आलेली.

"उन्हातून आलेय ना, म्हणून," मी म्हटलं, आणि लांब बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

बाह्यांखाली बारीक गुलाबी पुरळ होतं. वसतिगृहाच्या डॉक्टरांनी आदल्याच दिवशी बजावलं होतं, "रुबेला आहे. तुला फारसं काही व्हायचं नाही. पण आठवडाभर खोलीतच राहा, आणि गरोदर बाईच्या तर वाऱ्यालाही उभी राहू नकोस." मी मान हलवली होती, आणि सकाळ होताच बस पकडली होती. आई जाऊन महिना झाला होता. सुट्टी लागून वसतिगृह ओस पडलं होतं. जगात माझं म्हणावं असं एकच अंथरूण उरलं होतं, ताईच्या शेजारचं. पुरळ मावळतच आलंय, असं मी वाटभर स्वतःला सांगत राहिले. तीन रात्री तिच्या कुशीत झोपले आणि परत गेले.

पंधरा दिवसांनी ताईला कणकण आली. डोकं ठणकलं म्हणून तिने एक गोळी घेतली. एकच.

पोटात असतानाच आम्ही बाळाला चिमणी म्हणायचो. वर्षाची झाली तरी टाळीला वळेना, तेव्हा कळलं की चिमणीला ऐकू येत नाही. "ती गोळी घेतलीसच कशाला?" मेहुणे म्हणाले. पुढे मेहुणे वारले, त्यांचा तो प्रश्न मात्र घरातच राहिला. ताईने त्यानंतर गोळीला हात लावला नाही. दाढ सुजून तोंड उघडेना तरी नाही.

मी विषाणूंची मॉडेलं करते, वैद्यकीय कॉलेजांसाठी. मूर्तिकला शिकून हे काय, असं लोक विचारतात. मी हसते. मेहुणे गेल्यावर ताई नि चिमणी माझ्याकडे आल्या. कारखाना म्हणजे घराचीच मागची लांब खोली. चिमणी साचे पाडते, रंगवते. ताईचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून मॉडेलांखालच्या माहितीच्या पाट्या तिच्या. गाठी आलेली बोटं दुखतात, तरी लिहिताना गुणगुणते:

एवढासा गं पाहुणा, डोळ्यांना दिसेना
आला कुठून, राहिला कुठं, कुणी पुसेना.

विषाणू म्हणजे तरी काय? एक दोरा आणि एक डबी. दोऱ्यावर निरोप लिहिलेला, डबी प्रथिनांची. स्वतःची चूल नाही, घर नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरायचं आणि तिच्याच हातून आपल्या प्रती काढून घ्यायच्या. सर्दीचा विषाणू उघडाच हिंडतो, वीस त्रिकोणी बाजूंचा, पैलू पाडलेल्या खड्यासारखा. लहान मुलांच्या जुलाबांचा असतो चाकासारखा. फ्लू, गोवर, गालगुंड यांच्या अंगावर चरबीचं पातळ पांघरूण, त्यातून बाहेर आलेले काटे. ते पांघरूण त्याचं स्वतःचं नसतं. ज्या पेशीत वाढला तिचंच ओढून घेतो आणि बाहेर पडतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला घास गिळवला नव्हता.

सगळे केले मी. रुबेला तेवढा केला नाही. कॉलेजांना एकच उत्तर जायचं: तो साचा आमच्याकडे नाही.

महिन्यापूर्वी ताई जिन्यात चक्कर येऊन बसली. रक्तदाब भलताच वाढलेला. "गोळ्या आजपासून सुरू. नाहीतर एक दिवस अर्धं अंग जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईने गोळ्यांचं पाकीट न फोडताच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

"ताई, हट्ट सोड."

"अर्धं अंग गेलं तरी उरलेलं अर्धं तुझ्यापेक्षा जास्त काम करेल. जा, प्लास्टर घट्ट होतंय तुझं."

तिला गोळी गिळू न देणारी गाठ माझ्या एका वाक्याने सुटेल, हे मला ठाऊक होतं. ते वाक्य बोललं की दोघी मला तुटतील, हेही ठाऊक होतं. रोज सकाळी ठरवायचे. रोज प्लास्टर कालवायला घ्यायचे.

काल दुपारी चिमणी पाठीमागे हात लपवून आली. गालाला निळा रंग, डोळ्यांत खोडी. तिने माझ्यापुढे संत्र्याएवढा गोळा ठेवला. अर्धा कापून आतलं दाखवलेला: तांब्याच्या तारेचा दोरा, भोवती डबी, वर पांघरूण, पांघरुणावर बुटके काटे. काम माझ्याहून सुबक होतं. भिंतीवरच्या फळ्यावर तिने लिहिलं, "रुबेला. मावशी, तू सगळ्यांना नाही म्हणतेस. मी साचा केला. ऑर्डरही घेतली."

तिने लिहिलेलं पुसलं आणि पुन्हा लिहिलं, "हा माझा आहे. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, माझ्या बहिरेपणाचं कारण बहुतेक हाच. आईला कळू दे."

आणि पाटीचा मजकूर तिने ताईपुढे सरकवला सुद्धा.

ताईने चष्मा लावला. टाक बुडवला, लिहू लागली. "सौम्य ताप. बारीक पुरळ, पुष्कळदा तेही नाही. कानामागे गाठी. गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांत झाल्यास बाळाला बहिरेपण..." टाक थांबला. शाईचा थेंब पाटीवर पडला. ताईच्या पाटीवर थेंब मी कधी पाहिला नव्हता.

चिमणी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. छातीवर बोट ठेवून, मान हलवून खुणांनी सांगू लागली: गोळी नाही, आई. गोळी नाही.

ताईने हळूच टाक पुसला.

"पोर माझी समजूत काढतेय," ती मला म्हणाली. "हा कुठून यायचा मला? पहिले तीन महिने मला उंबरा ओलांडायला बंदी होती. कुणाकडे गेले नाही, कुणी आजारी माणूस माझ्याकडे आलं नाही. मी गोळी घेतली, ती मात्र खरी. तिला सांग, आईला खोटं औषध देऊ नकोस म्हणावं."

चिमणीचा चेहरा पडला. तिने माझा हात धरून हलवला: तू सांग ना. ताईने ड्रॉवर ढकलून बंद केला. आत पाकीट खडखडलं.

गप्प बसणं सोपं होतं. सव्वीस वर्षांचा सराव होता. पण ताईचा डावा हात मांडीवर पडला होता, आणि त्याची करंगळी आपोआप थरथरत होती. ते तिला कळत नव्हतं. मला दिसत होतं.

हात प्लास्टरने भरलेले, खुणा करता येईनात. म्हणून चिमणीला ओठ वाचता यावेत अशी मी खिडकीच्या उजेडात, तिच्याकडे तोंड करून उभी राहिले.

"आजारी माणूस आलं होतं, ताई," मी म्हटलं. "मी आले होते. रुबेला मला होता, अंगभर पुरळ होतं, आणि तुला सांगितलं उन्हातून आलेय. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, गरोदर बाईजवळ जाऊ नकोस. तू गरोदर आहेस हे मला माहीत होतं. माहीत असून मी आले."