तोफेच्या केबिनमधली धाकटी

टॉवेल विणणाऱ्या त्या गिरणीतल्या जुन्या मॅनेजरला सगळे तोफ म्हणत. उभी हयात तो माळ्यावरच्या काचेच्या केबिनमधून ओरडला. मग निवृत्त होऊन घरी गेला, पण आवाज मागेच राहिला. थाप वाटते? वाटू द्या. भिंतींत तो असा मुरला होता, की केबिनमध्ये मांजर म्यावलं तरी खाली मागांवरच्या बायका दचकायच्या.

त्या खुर्चीत आता मागावरचीच एक बाई बसली. गिरणीतली पहिली बाई मॅनेजर. थोरल्या जाऊबाईही तिथेच कामाला, म्हणून हिला सगळे धाकटी म्हणत. पहिल्याच दिवशी ती शिपायाला हळूच म्हणाली, "चहा नको." तोंडातून निघाला तोफेचाच आवाज! शिपाई गडगडत जिन्याखाली. तेव्हापासून धाकटीने तोंडच मिटलं, हातवाऱ्यांवर कारभार चालवला.

"खुर्ची मिळाली आणि वाचा गेली बाईची!" खालच्या बायका फिदीफिदी हसल्या.

धाकटीला मात्र वेगळाच घोर. उद्या लेकीला जवळ घेताना तोंडातून तोफच बोलली तर?

एका दुपारी काचेतून तिला दिसलं: जाऊबाईंची बाही कापडाच्या रुळात अडकलीय, हात आत ओढला जातोय.

"माग थांबवाऽऽ!" ती किंचाळली. तोफ कडाडली.

आणि झालं भलतंच. तोफेचे शब्द कोण ऐकतं? ती वाजली की मान खाली घालायची आणि हात चालवायचे, हे सगळ्यांच्या हाडात भिनलेलं. पटापट माना खाली गेल्या. जाऊबाईंकडे कुणी बघेल तर शपथ! धाकटी पुन्हा ओरडली. माना आणखी खाली.

ती केबिनबाहेर धावली. जिना उतरली की कोसळली, तिलाच ठाऊक. तिने मोठा खटका खाली ओढला. सगळे माग गप्प.

जाऊबाईंचा हात कोपरापर्यंत सोलवटला होता, पण शाबूत होता. "अगं, तू खाली कशी?" त्या कण्हल्या.

तोंड उघडलं तर पुन्हा तोफच निघेल, म्हणून धाकटीने ओठ आवळले.

तेवढ्यात वरच्या रिकाम्या केबिनमधून काचा हादरवत आलं, "कोणी थांबवलं रेऽऽ?"

सगळ्या माना खाली. एक धाकटीचीच वर.

"मी," ती म्हणाली. आवाज चिरका, कापरा, पण तिचाच. "मी थांबवलं. आणि मी सांगेपर्यंत चालू व्हायचं नाही."