वामनकाकांची माडी

शाळा हे गावाचं मंदिर असतं आणि शिक्षक हा त्याचा पुजारी, असं मुख्याध्यापक नागोराव दर पंधरा ऑगस्टला खारभाटच्या मुलांना सांगत असत. करोना आल्यापासून या मंदिराला दीड वर्ष कुलूप होतं आणि चावी पुजाऱ्याच्या घरी, बोईसरला, फ्रिजवरच्या टोपलीत लिंबांशेजारी पडून होती. मधल्या काळात नागोराव झेंडावंदनाला तेवढे जात. झेंडा पिशवीतून नेत, अंगणात लावत, घडी करून परत आणत. वर्गात डोकावण्याचा प्रसंग आला नाही.

खारभाट हे दांडीच्या अलीकडचं मच्छीमारांचं गाव. बोईसरहून रिक्षाने पाऊण तास. नियम असा, की मास्तराने नोकरीच्या गावातच राहायचं आणि तो राहतो असा ठराव गावाने दरवर्षी करून द्यायचा. नागोराव सात वर्षं नियमाने खारभाटातच राहत होते. कागदावर. वामनकाकांच्या माडीवर. प्रत्यक्षात त्या माडीवर वामनकाकांची जाळी राहतात, असा मास्तरांचा समज होता. गावाची काही तक्रार नव्हती. ठरावाला पहिला हात पंचायतीच्या सदस्य जमनाबाईंचा वर जाई, आणि तो खाली यायच्या आत मास्तर तीनची रिक्षा पकडत.

त्या ऑगस्टमध्ये शाळा उघडायची मुभा आली, ती अटींचं लटांबर घेऊन. गावात सलग तीस दिवस एकही रुग्ण नको. पंचायतीचा ठराव हवा. पालकांची संमती हवी. शिक्षकांची नाकातली तपासणी हवी. आणि सगळ्यात आधी हवा टप्प्याटप्प्याने शाळा सुरू करण्याचा आराखडा.

नागोरावांनी तो जेवणाच्या टेबलावर बसून सतरा पानी केला. पहिला टप्पा दहावी, दुसरा नववी. आठवीचा तिसरा टप्पा ‘परिस्थिती पाहून’. हे दोन शब्द लिहून त्यांना एवढं बरं वाटलं की त्यांनी चहा मागवला. कोणता बाक कुठे, दोन बाकांत अंतर किती, मुलं कोणत्या दाराने आत येणार आणि कोणत्या दाराने बाहेर जाणार, सगळं बाणांसकट काढलं. शाळेला दार एकच आहे हे त्यांना पान अकरावर आठवलं. मग त्यांनी येण्याची आणि जाण्याची वेळ वेगळी केली.

आराखडा मंजूर झाला. ग्रामसेवक कैलास पंचायतीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होता. शनिवारी तीस फुल्या पुऱ्या होणार, रविवारी पालघरहून परवानगी, सोमवारी सकाळी सातला दहावी वर्गात.

बुधवारी संमतीपत्रं गोळा करायला नागोराव गावात गेले. सगळ्यांनी सह्या दिल्या. राहिली जमना, दहावीतल्या हेमांगीची आई. ती बाजार करून आली होती. रिकामी पाटी पंचायतीच्या पायरीवर ठेवून ती बसली आणि कागद तिने हातात घेतला नाही.

“सही सोमवारी करीन, गुरुजी.”

“अहो, सोमवारी तर शाळाच सुरू होणार.”

“दीड वरीस हेच आयकतो आमी. ऑनलाइन, ऑनलाइन. घरात फोन एक. तो हेमांगीचा बापूस बोटीवर घेऊन जातो. मंग पोरीनं काय लाटांकडून शिकाचा?” जमनाने पदराने मान पुसली. “तिची मावशी बोईसरला कंपनीत हाय, पॅकिंगला. सोमवारपासून पोरीला घेतात. साडेसातला कंपनीची बस नाक्यावर येते. शाला उघडली तर पोर शालेत, नाय तर बसमदी. बापसाचा नि माजा ठरलाय.”

“पंधरा वर्षांच्या पोरीला कोण कामावर घेतं?”

“दीपिकाचा आधार कार्ड हाय ना. मावशीची पोर. ती अठराची हाय.”

“जमनाबाई!” नागोराव पुजाऱ्याच्या आवाजात म्हणाले. “खोट्या कागदावर पोर पाठवणार?”

 जमनाने मान वळवून समोरच्या वामनकाकांच्या माडीकडे पाहिलं, निवांत, पापलेटाचे कल्ले उघडून पाहावेत तसं. मग पाटी उचलून निघून गेली.

नागोरावांना राग यायला हवा होता, पण त्यांना वही आठवली. मे महिन्यात हेमांगीने एका रिक्षावाल्याबरोबर बीजगणिताची वही बोईसरला पाठवली होती. कोणी सांगितलं नसताना त्रेचाळीस गणितं सोडवलेली. शेवटी लिहिलं होतं, ‘सर, अकरावं आणि एकोणतिसावं चूक वाटतं, पण का ते कळत नाही.’ नागोरावांनी सगळी तपासली. तीच दोन चुकली होती. बावीस वर्षांच्या नोकरीत आपलं चुकलंय हे स्वतःहून सांगणारा माणूस त्यांना दुसरा भेटला नव्हता. शिक्षण खात्यात तर नाहीच.

गुरुवारी ते बोईसरच्या तपासणी केंद्रावर रांगेत उभे राहिले. नाकात काडी गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातच त्यांनी अर्ज भरला. नाव, वय, हुद्दा. पत्ता या रकान्याशी हात क्षणभरही अडला नाही. सात वर्षांची सवय. सरकारी कागद पुढे आला की हात आपोआप लिहीत असे : मुक्काम खारभाट, वामन यांची माडी.

शुक्रवारी दुपारी कैलासचा फोन आला.

“सर, घात झाला. गावात पेशंट सापडला.”

“अरे देवा! एकोणतिसाव्या दिवशी? कोण?”

“तुम्ही.”

नागोरावांचा घसा सकाळपासून खवखवत होता. त्याचं खापर त्यांनी बायकोच्या लोणच्यावर फोडलं होतं. 

“म्हणजे फुल्या…”

“फुल्या गेल्या, सर. उद्यापासून पुन्हा पहिली. शाळा आणखी महिनाभर नाही. आणि अजून एक लफडं आहे. तुमच्याबरोबर एका घरात राहणारे सगळे घरात बंद. म्हणजे वामनकाकांचं घर, आणि माडीवरचे तलाठी, नर्सबाई, आणि मी.”

“तूही माडीवर?”

“तीन वर्षं झाली, सर. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“चार माणसं त्या एवढ्याशा माडीवर?”

“पाच. वायरमन विसरलात.”

कैलास हे पालघरच्या आपल्या फ्लॅटमधून बोलत होता. मागे कुकरची शिट्टी झाली.

फोन ठेवतात न ठेवतात तोच वामनकाकांचा आला. मागे कुत्री भुंकत होती आणि कोणीतरी खिळा ठोकत होतं.

“गुरुजी, माज्या माडीवर तुमी आजारी पडलाव, नि मला पत्त्याच नाय?”

“काका, ते जरा…”

“दारात बांबू बांधतान! घरातल्या नऊ मानसांनी भायर पडाचा नाय म्हनतान. आत्ता कुठं दर्याला नारल दिला, परवा बोट काडाची हाय. काय सांगू मी दर्याला? माडीवरचा भाडेकरू खोकतो?”

“मी बघतो काहीतरी.”

“बघा. नाय तर मी वर चढून बांबूवाल्यास्नी दाखवतो, माडीवर कोन हाय ते.”

नागोराव मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसले. ताप नव्हता. कैलासने पुन्हा फोन केला. त्याने वरच्या लोकांना विचारलं होतं. उपाय एकच. पेशंट खारभाटचा नाही, बोईसरचा आहे, असं मास्तरांनी लेखी द्यायचं. मग तो बोईसरच्या यादीत जाईल. बोईसरला आधीच इतके आहेत की एकाने काही बिघडत नाही. गाव कोरं राहील, बांबू निघतील, शाळा सोमवारी.

“पण तात्पुरता बोईसरला होतो, असं चालणार नाही, सर. कायम कुठे राहता ते द्यावं लागेल. म्हणजे… खरं.” हा शब्द उच्चारताना कैलासचा आवाज दवाखान्यात पडतो तसा पडला.

“आणि तुझं काय? मी तिथे राहत नाही म्हटल्यावर विचारतील, मग कोण राहतं?”

“म्हणून तर सांगतो, सर. नीट विचार करा. दहा वेळा करा.”

बायकोने, ज्ञानेश्वरीने, दाराच्या फटीतून काढ्याचा पेला आत सरकवला आणि दाराबाहेरच स्टूल टाकून बसली. तिने सगळं ऐकलं होतं. अडीच खोल्यांच्या घरात न ऐकण्याची सोय नव्हती.

“अहो, लिहू नका.”

“बघतोय.”

“बघू पण नका. नऊ वर्षं बदलीसाठी थांबलोय. नांदेडच्या यादीत तुमचा नंबर चौथा आलाय. चौथा! चौकशी लागली की नाव खाली. आई तिकडं एकट्या पडल्यात, रोज विचारतात, कधी येता.” तिने स्टूल दाराजवळ ओढलं. “त्या पोरीचं वाईट वाटतं मला. पण बोईसरात हजार पोरी कंपनीत जातात.”

“हजारांनी मला वही नाही पाठवली.”

“मग तिला घरी बोलवा. शिकवा.”

“आता बोलवू? करोना झालेल्या माणसाकडे?”

 ज्ञानेश्वरी तिथेच बसून राहिली. नागोरावांनी काढा प्यायला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. न लिहावं तर शाळा महिनाभर बंद, हेमांगी सोमवारी दीपिका होऊन बसमध्ये, आणि एकदा पोर बसमध्ये चढली की उतरत नाही, हे बोईसरात राहणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. लिहावं तर नांदेड गेलं.

शनिवारी सकाळी त्यांनी लिहिलं. पहिले तीन कागद फाडले, कारण तिन्हींत हाताने पत्ता खारभाटचाच घातला होता. चौथ्यावर जमलं. ‘मी गेली सात वर्षे बोईसर येथे राहतो.’ एवढं साधं वाक्य त्यांनी सरकारला आजवर लिहिलं नव्हतं. फोटो काढून पालघरच्या शिक्षणाधिकारी साहेबांना पाठवला. दहाव्या मिनिटाला साहेबांचा फोन आला.

“नागोराव, हे काय पाठवलंत?”

“पत्र, साहेब.”

“ते दिसतंय. ताप किती आहे?”

“नाही ताप.”

“मग असं कसं लिहिता? तुमच्या राहण्याची दरवर्षी प्रत्यक्ष पडताळणी होते. खाली सही माझी आहे.”

“हो साहेब.”

“म्हणजे मी प्रत्यक्ष येऊन पाहिलं की तुम्ही तिथे राहता.”

“हो साहेब. मीही तिथे नव्हतो, त्यामुळे आपली भेट झाली नाही.”

 नागोरावांना आपण काय बोलून गेलो ते मागाहून कळलं.

“पत्र मागे घ्या,” साहेब म्हणाले. “संध्याकाळपर्यंत वेळ देतो. शाळा काय, महिन्याने उघडेल. मुलं कुठे पळून जात नाहीत.”

“एक जाते आहे, साहेब.”

त्यांनी पत्र मागे घेतलं नाही. संध्याकाळ झाली. उत्तर नाही. रविवार उजाडला. नागोराव दर पाच मिनिटांनी फोन पाहत होते. जमनाला फोन करावा तर त्यांचा एकुलता फोन दर्यावर. दुपारी ज्ञानेश्वरीने भाकरी आत सरकवली, ती तशीच परत गेली. चार वाजता वामनकाकांचा फोन आला.

“गुरुजी, बांबू सोडतान.”

सहाला पालघरहून दोन ओळी आल्या. खारभाट रुग्णमुक्त, शाळेस परवानगी. पाठोपाठ साहेबांचा फोन.

“चौकशी लागेल, नागोराव. माझा नाइलाज आहे. नोटीस पोस्टाने येईल तुमच्या पत्त्यावर.”

“कोणत्या, साहेब?”

“रेकॉर्डवरच्या.”

सोमवारी पहाटेच नागोराव उठून बसले. त्यांच्या जागी सहशिक्षिका भाग्यश्री मॅडम शाळा उघडणार होत्या. त्या पालघरहून निघून बोईसर स्टेशनवर उतरल्या, रिक्षात बसल्या, दांडीच्या रस्त्याला लागल्या, हे सगळं त्या कळवत होत्या. पावणेसातला त्यांचा फोन आला.

“सर, पोचतेच आहे. चावी कोणाकडे ठेवलीय?”

नागोरावांनी खोलीचं दार करोनासकट उघडलं. समोर फ्रिज होता. फ्रिजवर टोपली होती. लिंबांच्या शेजारी चावी होती.

सतरा पानी आराखड्यात साबण होता, तापमापक होता, शिंक आल्यास कोपरात कशी द्यावी याची आकृती होती. चावी नव्हती. आता चावी घेऊन रिक्षा पाठवली तरी पाऊण तास, म्हणजे साडेसात. साडेसातला नाक्यावर बस. शाळेच्या दारात पोरं ताटकळताना जमना बघणार, आणि पुढचं सांगायला नको.

त्यांनी वामनकाकांना फोन लावला. तीन वेळा कोणी उचलला नाही. चौथ्यांदा जमनाचा आवाज आला.

“काका शालेच्या अंगनात जालं शिवतान. बोला, गुरुजी.”

“जमनाबाई, ऐका! शाळा आज उघडणार म्हणजे उघडणार. चावी माझ्याकडे राहिलीय. पण हेमांगीला बसमध्ये बसवू नका. एक दगड घ्या आणि कुलूप तोडा! माझी जबाबदारी, मी लेखी देतो!”

“कुटला कुलूप?”

“शाळेचं, दहावीच्या वर्गाचं!”

“हेमांगी वर्गातच बसलीय, गुरुजी. पयल्या बाकावर. सगली पोरं बसलीत. मॅडम आत्ताच आल्या.” जमना जराशी हसली. “ती तर वरीसभर तितंच बसते अब्यासाला, जाल्यांच्या ढिगावर. माडी गलते काकांची, मंग जाली शालेतच ठेवतो ना आमी. परवा काडली, बोटी निंगाल्या म्हून. माडी रिकामीच हाय. तुमी बरे झालाव की या रावाला.”

शाळेचं कुलूप गेल्या वर्षीच्या वादळात कडीसकट निखळून पडलं होतं.