रविवारी मला कुणी विचारत नाही

बाथरूमच्या दारामागच्या खिळ्याकडे जरा बघा. तिथे उलटी लोंबकळतेय ना, तीच मी. गरम पाण्याची पिशवी. लाल रबराची, पोट सुटलेली, आणि खरं सांगायचं तर स्वभावाने जळकी.

माझा जन्म कारखान्यातल्या एका साच्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी औषधांच्या दुकानात आले. त्या दुकानात काम करणाऱ्या माणसाची एकदा कंबर धरली आणि त्याने मला घरी आणलं. त्याची बायको घरीच शिवणकाम करते. तिने उरलेल्या मखमलीचं हिरवं झबलं मला शिवलं. माझा केवढा थाट! पण कंबर लगेच बरी झाली आणि मी खिळ्याला लागले. मग कितीतरी दिवस माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

त्यांची मुलगी नववीत गेली आणि माझं नशीब उघडलं. घरात तिला टिल्ली म्हणतात. एका सकाळी दप्तर भरता भरता ती पोट धरून खालीच बसली. आईने धावत जाऊन पाणी तापवलं, मला भरलं, बूच आवळलं. टिल्लीने मला असं घट्ट पोटाशी धरलं की त्या क्षणी मी ठरवलं, ही पोर माझी.

मग रोजच तसं होऊ लागलं. शाळेची वेळ झाली की टिल्लीच्या पोटात कळ यायची. शाळा बुडायची आणि दुपारपर्यंत ती माझ्याजवळ. तिचे हात गार पडलेले असायचे, नखं कुरतडलेली. मैत्रिणींचे फोन ती घेत नसे. मला त्याचं काय? तेवढ्याच वाटेकरी कमी!

"आई, सरांनी उभं करून वाचायला लावलं तर?" ती विचारायची.

"नाही गं लावणार."

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. आई शिवणयंत्र थांबवून पुन्हा तेच उत्तर द्यायची.

बाप दुकानातून रोज नवी बाटली आणायचा. कधी पित्ताची, कधी गॅसची, कधी जंतांची. औषधांच्या कपाटांसमोर दिवस काढणारा माणूस तो, त्याला प्रत्येक दुखण्यावर बाटलीच सुचणार. कपाटावर रांग लावून बसलेल्या त्या बाटल्या माझ्या डोळ्यांत खुपायच्या. पण एकीचाही गुण येत नव्हता, आणि मी मनातल्या मनात उड्या मारायचे.

माझं दुखणं एकच, रविवार. रविवारी ही बया टुणकन उठायची, दोनदा मागून खायची, गाणी म्हणायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. शाळेला सुट्टी लागली की तीच तऱ्हा. मी खिळ्यावर जळफळत राहायचे. कामापुरता मामा म्हणतात ना, ते असं!

अशात शाळेतून बोलावणं आलं. हजेरी फार कमी भरत होती. बाप घरी येऊन म्हणाला, "राहू दे शाळा. बाहेरून परीक्षा देऊ. पोरीच्या जिवापेक्षा काय जास्त आहे?"

टिल्ली रडायला लागली. "मला शाळा नाही सोडायचीय, बाबा. मला जाताच येत नाहीये!"

ते ऐकून मला बरं नाही वाटलं. कितीही जळकी असले तरी पोर माझीच आहे.

शेवटी आईबाबांनी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत दुखलं तर असावी म्हणून मलाही नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या पाहिल्या. सगळं ठीक होतं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ही रोज लागते?"

"रोज," आई म्हणाली. "रविवार सोडून."

बोलली आणि तिने चमकून टिल्लीकडे पाहिलं.

"म्हणजे नाटक करते ही?" बाप म्हणाला.

"अजिबात नाही. दुखतं ते अगदी खरं दुखतं. आपल्याला नाही का भीतीने पोटात गोळा येत? हिला तो रोज सकाळी येतो. बाटल्या बंद करा आणि हिला समुपदेशक बाईंकडे न्या. यावर उपाय आहे."

इथून माझ्या सवतीचा प्रवेश झाला. टिल्ली दर आठवड्याला तिच्याकडे जाऊ लागली आणि मी त्या बाईंना पाण्यात पाहू लागले. येताना पोरीच्या तोंडी एकच जप, बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. काय तर म्हणे, श्वास सावकाश सोडायचा. भीती कशाची वाटते ते मोठ्याने सांगायचं. पहिल्यांदा फक्त शाळेच्या फाटकापर्यंत जायचं, मग एका तासाला बसायचं, मग अर्धा दिवस. वर्गासमोर वाचायच्या आधी एकाच मैत्रिणीला वाचून दाखवायचं. आईबाबांनाही ताकीद होती. दुखतंय का, दुखतंय का, असं सारखं विचारायचं नाही. रागवायचं नाही, पण दुखलं म्हणून घरीही ठेवायचं नाही.

"आणि पिशवी?" टिल्लीने विचारलं होतं म्हणे.

"घे की. पण गणवेश घालून घे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला अट घालणारी ही कोण?

सगळं सरळ झालं असंही नाही. एकदा टिल्ली फाटकातूनच रडत परत आली आणि थेट माझ्या कुशीत शिरली. बाईंची फजिती झाली म्हणून मी खूश. पण दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा निघाली. मला राग आला आणि कौतुकही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

मग वर्गासमोर वाचायचा दिवस उजाडला. टिल्लीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, दुखतंय," ती म्हणाली. आईने मला भरलं. आज मी जिंकणार! टिल्लीने गणवेशावरून मला पोटाशी धरलं, डोळे मिटून सावकाश श्वास सोडला. पुन्हा सोडला. मग समोर पाहिलं. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती, पदराचं टोक पिळत.

टिल्लीने मला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "तू घे. तुझंच जास्त दुखतंय." आणि बूट घालून गेली.

दुपारी ती परतली तेव्हा मी गार झाले होते आणि आई तशीच मला धरून बसली होती. "आवाज कापला," टिल्ली म्हणाली. "एक ओळ गाळली. पण वाचलं. काहीतरी खायला दे ना!"

माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

आता मी बहुतेक वेळ खिळ्यावरच असते. रबराला चिरा पडू लागल्यात. त्या बाईंचा मला अजूनही राग येतो, खोटं कशाला बोलू? तरी तुमच्या घरी पोरांचं पोट शाळेच्याच दिवशी दुखत असेल तर माझं एक ऐका. शेक द्या, पण जवळ बसून विचारा, "बाळा, कशाची भीती वाटते?" आणि एवढ्याने भागलं नाही तर त्या बाईंसारख्या कुणाकडे तरी न्या. हे मी सांगतेय, जिची पोर त्या बाईंनी नेली.